छत्रीचा नंबर

३ जानेवारी १९८२, रविवार. सकाळी ५.१०

नवी डायरी. बँकेची आहे. कागद पातळ, शाई मागे उमटते. चालवून घेऊ.

संकल्प. रोज पाचला उठणे (आज पाच दहा, थंडीमुळे). चहात साखर अर्धा चमचा. आणि नलूच्या कामात लक्ष न घालणे. सून आहे, मॅट्रिक झालेली आहे, तिचं मूल तिला सांभाळू द्यावं. निवृत्त होऊन आठ महिने झाले. गावात लोक अजून मोठ्या बाई म्हणून उभे राहतात, पण घर म्हणजे शाळा नव्हे. हे मला कळतं.

दुपारी २
नलूने हेमंतला दोन स्वेटर घातले होते. एक काढायला लावला. अंग गरम लागलं. थर्मामीटर लावला, १०१. माझा थर्मामीटर एक डिग्री जास्त दाखवतो, म्हणजे १००. दाढा येत असणार. वय वीस महिने, वेळ तीच आहे. नलू म्हणाली, आई, हा सकाळपासून कान धरून राह्यला. मी म्हटलं, "धरतो आहे" असं म्हण. मूल जे ऐकतं तेच शिकतं. कान ओढणं ही सवय आहे, हात हळूच खाली करत जा.

हेमंत हे नाव मी ठेवलं. घरात सगळे मुन्ना म्हणतात, त्याचा बापसुद्धा. मी हेमंत म्हणते तेव्हा वळूनही बघत नाही. सवय लावावी लागेल.

४ जानेवारी, सोमवार

रात्रभर रडला. १०२, म्हणजे १०१. पाच वाजता उठण्याचा प्रश्नच आला नाही, झोपलं कोण होतं?

नलू म्हणते, वर्ध्याला घेऊन जाऊ. मी म्हटलं, एवढ्या थंडीत एस.टी.च्या फुटक्या खिडकीशी बसवून? प्रभाकर, तिचा नवरा, नोकरीला बल्लारशाला असतो; त्याला तार करू का, तेही विचारलं. दाढांसाठी तार करत नाहीत.

आपले नेहमीचे डॉक्टर मुलीच्या लग्नासाठी जबलपूरला गेलेत. तरी काळजी नाही. लहान मुलांचे डॉ. मेश्राम मंगळवारी आणि शुक्रवारी वर्ध्याहून इथे हिंगणघाटला येतात, दहाला बसतात. उद्या नऊ पन्नासला पोचायचं. शिस्तीचा माणूस दहा मिनिटं आधी जातो. तासभर आधी घाबरट लोक जातात.

साखर एक चमचा. जागरण.

५ जानेवारी, मंगळवार. दुपारी १

नऊ पन्नासला पोचले. दवाखान्याच्या ओट्यावर माणसं कमी आणि वस्तू जास्त. एका रांगेत चपला, वीट, टोपली, डब्याचं झाकण, एक फुलकोबी. मला वाटलं कोणी विकायला बसलंय. कंपाऊंडर लहानू म्हणाला, नंबर आहेत ते बाई. लोक पहाटेच येऊन आपली वस्तू ठेवून जातात, दहाला येऊन वस्तूजवळ उभे राह्यतात. डॉक्टरसाहेब पंचवीसच पाह्यतात, मग गाडी पकडतात. पंचवीस झाले. शुक्रवारी येजा.

मी त्याला विचारलं, फुलकोबीला ताप आहे का? सगळे हसले. लहानूही हसला, पण नंबर दिला नाही.

त्यानंतर मी रांगेतल्या बायांना दहा मिनिटं शिस्तीबद्दल सांगितलं. सगळ्यांनी ऐकलं. अल्लीपूरची एक बाई, देवकाबाई, मांडीवर तापलेलं पोर घेऊन बसली होती. म्हणाली, बाई, तुमचं सारं खरं हाय, पण माह्या नंबरावरून जरा पाय काढा. मी तिच्या चपलेवर उभी होते.

घरी नलूने सांगितलं की डॉक्टर सव्वाआठच्या पॅसेंजरने उतरतात आणि अर्धा-पाऊण तास वेटिंग रूममध्ये चहा घेत बसतात. तिचे वडील सिंदीला रेल्वेत आहेत, तिला गाड्यांचं सगळं माहीत. म्हणाली, स्टेशनवरच गाठू ना त्यायले. मी स्पष्ट सांगितलं, रांग सोडून प्लॅटफॉर्मवर गाठणं याला वशिला म्हणतात. अठ्ठावीस वर्षांत मी एका पोरीचा प्रवेश वशिल्याने केला नाही. ती काही बोलली नाही. नलू बोलत नाही, तेव्हा तिला पटलेलं असतं.

७ जानेवारी, गुरुवार

१०३ वजा एक. दूध नको, वरणभात नको. आडवं केलं की किंचाळतो. नलू दोन दिवसांपासून त्याला खांद्यावर उभा धरून फिरते आहे. असं करून मूल लाडावतं. (चार ते साडेपाच मी फिरवला. ती जेवलेली नव्हती म्हणून.)

उद्याची योजना पक्की. पहाटे सव्वापाचला जाऊन नंबर लावायचा. रांगेत चपला ठेवणं मला मान्य नाही आणि मुख्याध्यापिकेची चप्पल रस्त्यावर पडलेली शोभत नाही. छत्री ठेवीन. काळी, लाकडी मुठीची. मुठीवर पांढऱ्या ऑइल पेंटने "कौ. रा. झाडे" लिहिलंय. या गावात ती छत्री ओळखत नाही असं कोणी नाही.

८ जानेवारी, शुक्रवार. सकाळी ७

छत्री पाच पंधराला ठेवली. नंबर तिसरा! आधी फक्त एक वीट आणि एक पिशवी. मला पाहून चौथा माणूस दोन हात मागे सरकला. घरी येऊन आंघोळ केली, चहा घेतला (साखर अर्धा चमचा). बरं वाटतंय. कुठलंही काम पद्धतशीर केलं की होतं.

७.२०
सुलोचना आली होती. १९६८ची मॅट्रिक, आता गिरणीच्या बालवाडीत आहे. धापा टाकत आली. म्हणाली, बाई, तुमची छत्री त्या दवाखान्याच्या ओट्यावर पडली होती! कोणी नेली असती तं? मी नाव वाचलं अन् ड्युटी सोडून पयले तुमच्याकडे आली.

छत्री तिच्या हातात होती. दोन्ही हातांनी पुढे धरली, बक्षीस समारंभात धरतात तशी. म्हणाली, तुम्हीच शिकवलं ना बाई, सापडलेली वस्तू मालकाले नेऊन द्याची.

तिला काय सांगणार. शाब्बास म्हटलं. बसवून चहा दिला. ती सारखी म्हणत होती, बाई, बरं झालं मी त्याच रस्त्यानं आली.

दुपारी १२
धावत गेले तेव्हा रांग पुढे सरकून जुळलेली. लहानू म्हणाला, छत्री होती बाई, मी पाह्यली, पण आता नाई. वस्तू नाई तं नंबर नाई, अन् पंचवीस तं भरले. नियमाप्रमाणे त्याचं बरोबर आहे. मला नियम मोडून काही नको. तरीपण संस्कार टिकलेत, हे पाहून समाधान वाटलं.

समाधान वाटलं असं लिहिलं खरं. घरी हेमंत दारातच नलूच्या खांद्यावर होता. डोळे अर्धे मिटलेले.

नेहमीच्या डॉक्टरांच्या कंपाऊंडरकडून लाल मिक्श्चर आणलं.

१० जानेवारी, रविवार

ताप उतरला, ९९ वजा एक. मी म्हटलंच होतं. दाढा. नलू म्हणते, मुन्ना अजून कान धरते अन् हाक मारली तं पाह्यत नाई. मी तपासलं. मागे उभं राहून "हेमंत" म्हटलं. वळला नाही. पण तो कधीच वळत नाही. त्यात नवीन काय?

रविवार असूनही सहाला उठले. एक तास उशीर म्हणजे उशीर नव्हे.

११ जानेवारी, सोमवार

पुन्हा १०३. वजा करून १०२. आज वजा करताना पेन थांबला होता. पण थर्मामीटर माझा आहे, मी त्याला ओळखते.

आता कामाला लागले. कॅलेंडरच्या पुठ्ठ्याचे पंचवीस बिल्ले कापले, त्यांवर आकडे घातले. जुन्या हजेरीपटातली कोरी पानं काढून रजिस्टर केलं: अनुक्रम, मुलाचं नाव, गाव, वेळ. उद्या पहाटे साडेचारला मी स्वतः खुर्ची टाकून बसणार. माणूस येईल तसा बिल्ला. वस्तू चालणार नाहीत. पहिला बिल्ला आपला.

फुलस्केप कागदावर हेमंतच्या आजाराचा अहवालही तयार केला. दोन पानं. जन्म, वजन, दात, आहार, रोजचा ताप (दुरुस्त करून), शौच, झोप. शेवटी "इतर सवयी". डॉक्टरांचा वेळ वाचेल. नलूला वाचून दाखवला. ती म्हणाली, आई, कानाचं लिवलं का? मी म्हटलं, लिहिलं आहे. सवयींमध्ये.

ती दहा वाजता मुलाला घेऊन येईल. उगाच थंडीत आधी आणायचं नाही, बजावलंय.

१२ जानेवारी, मंगळवार. दुपारी ३

क्रमाने लिहिते.

४.२५ला पोचले. मी पहिली. बिल्ला क्रमांक १. पावणेपाचला सेलूकडची माणसं आली, मग अल्लीपूरची देवकाबाई, पुन्हा तीच, कडेवर तेच पोर. कोणी म्हणालं, बाई, आमची वीट हाय ना कालपासून. मी म्हटलं, विटेचं नाव काय? वय किती? माणूस हसला आणि त्याने वीट बाजूला केली. सहा वाजता पंचवीस बिल्ले संपले. एकही भांडण नाही. लहानू आला, रांग बघून त्याने टोपी काढली. म्हणाला, मोठ्या बाई, दरवेळी येत जा, आमचा जीव वाचते. एकजण मला विचारत होता, बाई, तुम्ही दवाखान्यात कधी लागल्या?

साडेनऊला डॉक्टर आले. दहाला लहानूने हाक दिली, नंबर एक! नलू आलेली नव्हती. वेळेचं भान नाही तिला, असं मनात म्हणत अहवाल घेऊन आत गेले. सांगितलं, मूल पाच मिनिटांत येतंय, तोवर आपण हे वाचून घ्या.

तरुण माणूस आहे, चष्मा, शांत. पहिलं पान वाचलं. विचारलं, तापातून रोज एक डिग्री कमी का केली? मी कारण सांगितलं. थर्मामीटर पिशवीतच होता. त्यांनी माझा आणि स्वतःचा, दोन्ही मला लावले, एकेका काखेत. दोन्ही ९८. मग दुसरं पान. शेवटपर्यंत गेले आणि लाल पेन काढून शेवटच्या ओळीखाली रेघ मारली. "इतर सवयी: कान ओढतो."

म्हणाले, बाई, हा मुन्ना झाडे ना? त्याला मी स्टेशनवरच पाहिला. सव्वाआठला. आई घेऊन आली होती. कान फुटलाय त्याचा. पू आहे. पोरगं पहिल्या दिवसापासून बोट दाखवून सांगत होतं.

ऐकू येईल का, एवढं विचारलं. ते म्हणाले, बहुतेक भरून येईल. औषध दिलंय, कान कोरडा ठेवा. ऐकू येतं की नाही ते पंधरा दिवसांनी पाहू, आत्ता सांगता येणार नाही.

बहुतेक.

बाहेर आले. माझा बिल्ला देवकाबाईला दिला. ती म्हणाली, अन् तुमचं पोरगं? मी म्हटलं, त्याचं झालं.

अठ्ठावीस वर्षं लाल रेघा मी मारत होते.

घरी नलू. सात वाजता उशीवर पू दिसला, तशीच शाल गुंडाळून निघाली, रिक्षाही मिळाली नाही. स्टेशनपर्यंत चालत. मी दवाखान्यात आहे हे तिला माहीत होतं. मी विचारलं, मला का बोलावलं नाहीस? ती म्हणाली, तुम्ही नंबर देत होत्या ना आई.

टोमणा नव्हता. तोच तर त्रास आहे.

१५ जानेवारी, शुक्रवार. सकाळी ५

दारावर थाप. चार बाया, कडेवर मुलं. लहानूने सांगितलं, नंबर मोठ्या बाईच देतात. बिल्ले दिले. काय करणार. नंतर पुन्हा झोपले, आठला उठले.

ताप नाही. ९८. आता काही वजा करत नाही. सांजा खाल्ला, अर्धी वाटी. झोपेत कानाला हात नाही.

साखर दोन चमचे. संकल्पाचं पान उलटं चिकटवलंय.

१७ जानेवारी, रविवार. संध्याकाळी ६

पंधरा दिवस थांबणं मला जमत नाही. दुपारी तो अंगणात पाठमोरा बसून बिल्ल्यांशी खेळत होता. मागे गेले. "हेमंत." वळला नाही. जरा मोठ्याने, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जायचा तो आवाज लावून, "हेमंत!" शेजारचे भैयाजी कुंपणावरून डोकावले. हा वळला नाही. पायरीवर बसले. गेला कान, माझ्यामुळे गेला, एवढंच डोक्यात.

तेवढ्यात आतून, चुलीजवळून, नलूने भाकरी थापताथापता हळूच म्हटलं, मुन्ना.

ताडकन उठला आणि पळत आत गेला. बिल्ले पायाखाली सांडत.

मी पायरीवरच बसून राहिले. बऱ्याच वेळाने तो बाहेर आला, पुन्हा पाठमोरा बसला. नलू विहिरीवर गेली होती. भैयाजी आत गेले होते. इकडे तिकडे पाहिलं. मग मीही म्हणून पाहिलं. अगदी बारीक आवाजात.

वळला. हसलासुद्धा.

हे फक्त कान तपासण्यासाठी होतं. उद्यापासून हेमंत.