ओटी भरून पाठवलेली लेक

शनिवार, १२ जानेवारी १९७४. संध्याकाळ.

नातीनं, सुमीनं, आज इतवारीतल्या टॉकीजमध्ये सिनेमा दाखवला. घरातून पळालेली बाई, मागं तिचा खुनशी नवरा. बनवणाऱ्याजवळ पैसे नसावेत. बाई तीन दिवस पळाली, पण लुगडं तेच अन् निंबाचं झाडही तेच. मी हसून राहिली होती. मग ती माहेरी पोचली. आईनं तिची ओटी भरली अन् नवऱ्याच्या हवाली केलं. नंतर प्रेतच दाखवलं.

सगळ्या बाया ओरडल्या. सगळ्यात मोठ्यानं मी. "माय आहे का राक्षसीण वं ही!"

सुमी म्हणाली, "आजी, मंग दिवाळीत आत्याले तू काहून परत पाठवलं?"

आत्या म्हणजे माझी यमुना. पाठीवर वळ घेऊन कामठीहून आली होती. मी ते पाहिले. पाहूनही ओटीत तांदूळ घातले, नारळ घातला, अन् जावयासोबत बसमध्ये बसवलं. ती रडली नाही. रडली असती तर ठेवलं असतं काय मी? नसतंच ठेवलं. लोक काय म्हणतील, हेच डोक्यात.

तेव्हापासून तिची चिठ्ठी नाही.

उद्या सकाळी कामठीले जाईन. येते म्हणाली तर आणीन. माझ्या तोंडावर दार लावलं तरी चालेल. दार लावायले ती असली पाहिजे.