काका कावळ्याला काय बोलले

प्रिय ताई,

फोन सोडून पत्र आलं म्हणून घाबरू नकोस, माझी तब्येत ठणठणीत आहे. माझ्या खोलीतला हितेंद्र सुट्टीवर दादरला चाललाय, त्याच्या बॅगेत हे टाकतोय. नववी नापास माणसाला एवढं लिहायला तीन शुक्रवार लागले, तेव्हा चुका काढत बसू नकोस. फोनवर मला खोटं पटकन जमतं, कागदावर हात अडतो, म्हणून कागद. तू मागे विचारलंस ना, आईच्या वर्षश्राद्धाला चिंतामणी काकांना बोलवू म्हटलं तर बाबा ताटावरून उठले, चाळीस वर्षांची दोस्ती आणि दोघांचं असं काय बिनसलं, तुला काही ठाऊक आहे का? मी म्हटलं, मी इथे ओमानात एसीच्या डक्टच्या पत्र्यात डोकं घालून बसलेला, मला काय कळणार. मला कळतं, ताई. सगळं सांगतो, पण शेवटपर्यंत वाच. मध्येच फाडू नकोस.

दहाव्याला तू घाटावर नव्हतीस. सातवा महिना म्हणून मावशीने तुला घरीच बसवलं होतं. बाणगंगेवर आम्ही पिंड ठेवला आणि समोरच्या पत्र्यावर कावळे नुसते बसून. एक शिवायला तयार नाही. आईला आवडायचं ते सगळं होतं, घावणे, सुकटीची चटणी, शेवयांची खीर. बाबा हात जोडून म्हणाले, देविकाचं बाळंतपण आपल्याच घरी करू, काळजी करू नकोस. कावळा हलेना. अंबिका मावशी म्हणाली, नले, तुझे देव मी उपाशी ठेवणार नाही गं. तरी नाही. भटजी घड्याळ बघायला लागले, म्हणाले, बाईंची आणखी काही इच्छा असेल तर बोला, नाहीतर दर्भाचा कावळा करू, पुढे अजून दोन घरं आहेत. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मुलगा ना मी. मी मोठ्याने म्हणालो, आई, मी आता परत जात नाही, बाबांजवळच राहतो. ताई, परतीचं तिकीट मी येतानाच काढलेलं होतं. एक कावळा तेवढा खाली उतरला होता, त्याने माझ्याकडे पाठ फिरवली. शप्पथ.

तेव्हा काका पुढे झाले. गुडघा धरत वाकले, पिंडापाशी तोंड नेलं आणि काहीतरी बोलले. दोन वाक्यं असतील. मला फक्त नलू ऐकू आलं. नलूवहिनी नाही, नलू. काका अजून सरळ उभे राहायचे होते, तर कावळा आला आणि खिरीत चोच मारून गेला. आला आला म्हणून सगळे मोकळे झाले, बाबा काकांचे हात धरून रडले. माझ्या अंगाची मात्र आग झाली. पोटच्या पोराचं ऐकलं नाही आणि गॅलरीच्या टोकाच्या खोलीत एकट्या राहणाऱ्या माणसाचं ऐकलं? येताना टॅक्सीत मी विचारलं, काका, काय बोललात? ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, ते तिचं नि माझं होतं रे, तुला नको. तिचं नि माझं. हे शब्द मी विमानातून इथपर्यंत घेऊन आलो.

आता तू म्हणशील, आईबद्दल असला विचार करायला तुझी जीभ झडली कशी नाही. आई कशी होती ते मला नको का ठाऊक? बाबा ऑफिसला जायचे तेव्हा त्यांचा रुमालसुद्धा इस्त्री केलेला असायचा. बांगड्याचं शेपूट कायम तिच्या ताटात, मधला तुकडा आपल्याला, आणि मला शेपूटच आवडतं म्हणून सांगायची. मी नववीत गटांगळी खाल्ली तेव्हा बाबा चार दिवस बोलले नाहीत. ती म्हणाली, पोरगा बसून शिकणारा नाही, उभ्याने शिकेल. प्रेसमध्ये टिकलो नाही, कुरियरमध्ये टिकलो नाही, भायखळ्याच्या गॅरेजात तर सात दिवस. दर वेळी ती फक्त विचारायची, आज जेवणाचा डबा द्यायचा का नाही? टोमणा पण कसला मारायची बघ. बाबांच्या शब्दाबाहेर ती एक पाऊल गेली नाही, असं सगळी चिंचपोकळी सांगेल.

पण ताई, तुझं लग्न होऊन तू दादरला गेलीस. कामं सोडून घरी लोळणारा मी होतो, मला दिसायचं. रोज संध्याकाळी पाचला ती पिशवी घेऊन निघायची, भायखळ्याला भाजी स्वस्त म्हणून. भायखळा बाजार आपल्याकडून चालत वीस मिनिटं. ही सातला यायची, आणि पिशवीत काय, तर दोन जुड्या माठ. पातळाच्या काठाला लाल माती. बाजारात लाल माती कुठली? हळदीची डबी पंधरा दिवसांत संपायची, घरात तर कुणाला ठेच लागलेली नाही. जुन्या मऊ साड्यांच्या पट्ट्या फाडून ठेवायची, त्या पण नाहीशा व्हायच्या. विचारलं तर म्हणायची, तुला रे कशाला बायकांच्या चौकश्या? आणि काका पण बरोबर पावणेपाचलाच बाहेर पडायचे. ते म्युनिसिपालिटीच्या शाळेच्या पटांगणात पोरींना कबड्डी शिकवतात हे चाळीत सगळ्यांना माहीत. पण तिथे आईचं काय काम? तिला कबड्डीतलं काय कळतंय, असं मला वाटायचं.

एकदा मी तिच्या मागे गेलो. तेव्हा वीस वर्षांचा असेन. रसाच्या दुकानाशी उभा राहून बघितलं. शाळेच्या कुंपणाच्या कठड्यावर आई बसलेली, पदर कमरेला खोचलेला, काका शेजारी उभे. ते काहीतरी बोलले आणि आई हसली. तोंडावर हात न घेता, सगळे दात दिसतील अशी. मग तिने काकांच्या हातावर टाळी दिली. ताई, आपल्या आईला कुणाला टाळी देताना तू पाहिलंयस? बाबांसमोर ती कधी असं हसली? मी कठड्यापलीकडे काय चाललंय ते बघितलंच नाही. तसाच उलटा फिरलो, आणि महिन्याभरात मिळेल ती नोकरी धरून मुंबई सोडली. आधी गुजरात, मग हे. सगळ्यांना वाटलं, उन्मेषच्या पायाला भिंगरी. भिंगरी होतीच, पण ती फिरवली कुणी ते मी कुणाला सांगितलं नाही. इथे पत्रा कापताना पण डोक्यात तेच. ती फोनवर विचारायची, जेवलास का, आणि मी मनात म्हणायचो, तू आज कुठे जाऊन आलीस ते सांग आधी.

आता गेल्या महिन्यातली गोष्ट. एका अनोळखी नंबरवरून फोन आला. पोरीचा आवाज, भांडायच्या तयारीतला. म्हणाली, उन्मेषदादा का? मी पूर्वी, भायखळ्याची, तुम्ही मला ओळखत नाही. नंबर सरांच्या फोनमधून चोरलाय. तुमच्या बाबांनी सरांना दारातून हाकललं, सर तेव्हापासून पटांगणावर येतात पण शिट्टी वाजवत नाहीत, नुसते बसतात. त्यांनी काय पाप केलं ते तरी सांगा. मी म्हटलं, तुझ्या सरांनाच विचार. ती म्हणाली, विचारलं, ते म्हणतात नलूला शब्द दिलाय, तिच्या घरी बोलणार नाही. मी काही शब्द दिलेला नाही, मी बोलणार. आणि मग ती जे बोलली ते ऐकताना मी साइटवर शिडीवरून खाली उतरून जमिनीवर बसलो.

आई खेळायची, ताई. गिरगावात, आपल्या आजोळच्या वाडीतल्या पोरींच्या संघात, लग्नाआधी. काका मूळचे त्याच वाडीतले, आपल्या चाळीत नंतर आले, संघाला तेच शिकवायचे. पकड तर म्हणे अशी, की समोरची चढाईला यायलाच कचरायची. बाबांकडचे तिला बघायला आले तेव्हा तिची दोन्ही कोपरं सोललेली होती. आजी म्हणाली, असली खरचटलेली सून आम्हाला नको. बाबांना ती पसंत होती, म्हणून त्यांनी मधला रस्ता काढला. देवासमोर तिच्याकडून कबूल करून घेतलं की लग्नानंतर मैदानात पाय ठेवायचा नाही. तिने शब्द दिला. आणि पाळला. पूर्वी सांगत होती, दादा, बाई बारा वर्षं आम्हाला शिकवायला येत होत्या, पण कधी पटांगणात उतरल्या नाहीत. कठड्यावर बसून ओरडायच्या, अगं घोटा धर, घोटा, कंबर काय धरतेस, नवरा आहे का तो? आम्ही म्हणायचो, बाई, एकदा आत येऊन दाखवा ना. तर पदर खोचून नुसतं बसल्या जागी दाखवायच्या. कुणाला लागलं की ती पोरगी कठड्यापाशी जायची, बाई तिथूनच हळद भरायच्या, पट्टी बांधायच्या. आम्हाला रागच यायचा त्यांचा.

मी तिला विचारलं, कावळ्याला काका काय बोलले ते तुला माहीत आहे का? ती म्हणाली, त्यात काय, आमच्या देखत ठरलं होतं. बाई शनिवारी गेल्या आणि पुढच्या रविवारी आमची उपांत्य फेरी होती. सर म्हणाले होते, नलूला निकाल मी कळवतो. त्यांनी तेच कळवलं असणार. नलू, पोरी हरल्या, तीन गुणांनी. घोटा धरला नाही. बस. ताई, आम्ही सगळे तिथे उभे राहून तिला तुझं बाळंतपण, देव, घर, मी, असलं देत होतो. आणि तिला मॅचचा निकाल पाहिजे होता. मला आधी खूप वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. वाटलं, म्हणजे मरताना पण तिच्या मनात आपण नव्हतो. दोन दिवस जेवलो नाही. मग वाटलं, आपलं तिने आयुष्यभर केलं ते पुरं झालं होतं. राहिलेलं एवढंच होतं.

आता जे लिहायचं म्हणून तीन शुक्रवार घालवले ते लिहितो. बाबांच्या कानात ते मी घातलं. श्रावणात त्यांचा फोन आला, म्हणाले, चिंतामणी रोज येऊन बसतो, नलूच्या आठवणी काढतो, बरं वाटतं. माझं डोकं फिरलं. म्हटलं, आठवणी काढतो ना, मग विचारा त्याला, रोज संध्याकाळी आईला कुठे घेऊन जायचा.  बाबा बरं, ठेवतो, म्हणाले. त्यांनी काकांना काही विचारलं नाही, नुसतं दार लावलं. आणि काका शब्दाला बांधलेले, ते काय सांगणार? तू बाबांना हेकट म्हणालीस, ते हेकट नाहीत ताई, मी त्यांची बायको त्यांच्याकडून काढून घेतली. त्यांनी खेळ सोडायला लावला तो तिच्या मनातून कधी सुटला नाही, हे एवढ्या वर्षांनी ऐकून त्यांना लागेल, पण मी सांगितलेलं आहे त्याच्यापेक्षा कमीच लागेल. तेव्हा हे पत्र तू त्यांना वाचून दाखव. पूर्ण, माझं नाव न गाळता. चष्मा नाही, नंतर बघू, असं म्हणतील, तू ऐकू नकोस. बाळाला मांडीवर दे त्यांच्या, म्हणजे उठून जाणार नाहीत. नंतर ते चार दारं चालत काकांकडे जातील का नाही ते त्यांच्यावर सोड, तू हाताला धरून नेऊ नकोस. श्रावणापासून ते माझ्याशी दोन शब्दांपलीकडे बोललेले नाहीत. शुक्रवारी मला सुट्टी असते, दिवसभर फोन हातात ठेवीन. त्यांना म्हणावं, शिव्या घालायला का होईना, पण नंबर तुम्ही स्वतः लावा.

तुझाच, मार खायला तयार असलेला भाऊ,
उन्मेष