राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना

२ नोव्हेंबर २०२५, रविवार

अभिनवला पोलिसांनी नेलं. काल संध्याकाळी, जयपूरबाहेरच्या कानोत्याहून. मी तिथून निघालो आणि थोड्याच वेळात माणसं आली म्हणे.

आज उपासना कशी घेतली ते देवाला ठाऊक. उपदेशाचे कागद हातात होते, ओळी दिसत नव्हत्या. जिन्यावर पाऊल वाजलं की बोलता बोलता थांबत होतो. शेवटचं पाऊल गंगूबाईंचं निघालं – हॉलचा जिना त्यांना चढवत नाही, दर वेळी उशीर होतो.

नीट लिहून ठेवतो. हणमंत साळवे, आपल्याच मंडळीतले, फौजेतून निवृत्त होऊन कानोत्याजवळ घर बांधून राहिलेले. नातवाचा पहिला वाढदिवस. मी आणि अभिनव असे दोघे पाळक गेलो होतो. केक, दोन गाणी, संपलं. तेवढ्यात शेजारची एक बाई सासूला धरून घेऊन आली. म्हातारीचे गुडघे सुजलेले. "बाबाजी, अम्मा के लिए भी दो शब्द बोल दो." मी म्हातारीच्या डोक्यावर हात ठेवला आणि प्रार्थना केली. विचारसुद्धा केला नाही. कुणी आजारी समोर आलं की हात आपोआप वर जातो, आयुष्यभराची सवय.

मग शहरात, राजा पार्कात, मंडळीतल्या शालिनीबाईंना भेटायचं होतं म्हणून मी न जेवता निघालो. अभिनव जेवायला थांबला.

प्रार्थना मी केली. नेलं त्याला.

३ नोव्हेंबर

हणमंतचा फोन. आवाज खाली घेऊन बोलत होते, फौजी माणूस असून. दहा-बारा पोरं आली, मागोमाग पोलिस. बाईच्या दिराने तक्रार केली – बरं करतो असं सांगून धर्म बदलायला लावतात. राज्याच्या नव्या धर्मांतरविरोधी कायद्याखाली. "प्रार्थना किसने की?" असं विचारल्यावर सगळे गप्प. आणि अभिनव म्हणाला, "मैंने."

"त्यानं का सांगितलं तसं?" मी विचारलं.

"आता ते तुम्हाला मी काय सांगू, पाळकसाहेब," हणमंत म्हणाले. फोन ठेवला.

५ नोव्हेंबर

रत्नप्रभा म्हणते, गप्प बसा. "तुमचं नाव अजून कुठे आलेलं नाही. त्या लोकांनी तुम्हाला पाहिलेलं नाही. म्हातारीला तर धड दिसतही नाही, आणि सुनेला तुमचं नाव माहीत नाही." तिच्या शाळेत मुख्याध्यापिकाबाईंनी काल सहज विचारल्यासारखं विचारलं – आपके पति क्या काम करते हैं? इतकी वर्षं ती तिथे शिकवते. त्यांना माहीत नाही होय!

मला राग यायला हवा होता तिचा. उलट बरं वाटलं. मला जे म्हणायचं होतं ते तिने म्हटलं.

६ नोव्हेंबर

अनुश्री येऊन गेली, अभिनवची बायको. दोघंही इथेच जयपूरला, मानसरोवर वसाहतीत वाढलेले, मराठी अडखळत बोलतात. सोफ्याच्या टोकावर बसली, पाणीसुद्धा घेतलं नाही. "दादा, वकील म्हणतात, कोणी मोठं माणूस सांगेल की तो फक्त वाढदिवस होता, तर जामीन सोपा होईल. मतलब, मी जबरदस्ती नाही करत."

हणमंतने तिला सगळं सांगितलेलं असणार. म्हातारीवर हात कुणी ठेवला होता ते तिला माहीत आहे. तिने तो विषय काढला नाही. काढला असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. रत्नप्रभा स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होती. मी म्हटलं, बघतो. पाळकाने "बघतो" म्हणायचं आणि बाईने "थँक्यू दादा" म्हणून जिना उतरायचा.

७ नोव्हेंबर

झोप नाही. रक्तदाब वाढलाय. दाराची बेल वाजली की आधी खिडकीतून खाली पाहतो. आज गॅसवाला होता.

मी नक्की कुणाला घाबरतो? दिल्लीतल्या लोकांना नाही. त्यांना माझा पत्ताही नाही. राजकारणाचं मी व्यासपीठावरून कधी काढलं नाही, मंडळीत सगळ्या बाजूंचे लोक आहेत – फौजेतले, बँकेतले. निवडणूक आली की व्हॉट्सॲपवर आपापसात भांडतात आणि रविवारी एकाच ताटातली भाकर मोडतात. मला वाटायचं, देशाचं राजकारण आपल्या जिन्याखालून जातं, वर येत नाही. आता ते वर आलंय. त्याला चेहरा नाही. हातात फोन असलेलं कुठलंही पोर म्हणजे ते. भाजी घेताना कुणी फोन उंच धरला तरी मी तोंड फिरवतो.

९ नोव्हेंबर, रविवार

कसं लिहू.

आज मागच्या रांगेत दोन अनोळखी मुलं येऊन बसली. पंचविशीची असतील. एकाने फोन छातीशी धरलेला, कॅमेरा समोर. सगळ्यांच्या पाठी ताठ.

उपदेशानंतर राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना असते. दर रविवारी, सरकार कुणाचंही असो. पंतप्रधान, मुख्यमंत्री, न्यायाधीश, सैनिक – त्यांना शहाणपण दे, न्यायाने वागायला शिकव. ती कागदावरून वाचायची नसते. डोळे मिटून, येईल तसं बोलायचं. माझ्या वडिलांनी नगरकडच्या खेड्यात अशीच केली. मी अशीच करत आलो.

डोळे मिटले आणि हिंदी सुरू झाली माझी. आपली उपासना मराठीत असते! आणि मी हिंदीत म्हणतोय, प्रभु, हम इस नए कानून के लिए तेरा धन्यवाद करते हैं. जो लोग छल से धर्म बदलवाते हैं, उनसे हमारे प्रदेश की रक्षा कर. असंच आणखी. थांबेना. उपदेशाला शब्द शोधावे लागतात, आज नळ सोडल्यासारखे आले. अभिनव कोठडीत, आणि मी देवाला सांगतोय की बरं झालं.

आमेन तुटक आलं. पुढच्या बाकावर अनुश्री होती. तिच्याकडे पाहिलं नाही.

मुलं शेवटपर्यंत बसली नाहीत. त्यांना हवं ते मिळालं असणार, किंवा नको ते. गंगूबाई चपला घालताना म्हणाल्या, "पाळक, आज परार्थना कुणाकडं केली तुमी?"

१० नोव्हेंबर

तो व्हिडिओ सगळीकडे फिरतोय. "जयपुर के पास्टर ने कानून का समर्थन किया." चेहरा स्पष्ट, डोळे मिटलेले, घाम दिसतोय. लोकांना ती भक्ती वाटते.

हॉलचे मालक माथुरजी मिठाई घेऊन वर आले. गेला आठवडाभर त्यांचं "दूसरी जगह देख लीजिए" चाललं होतं. आज म्हणाले, "पास्टरजी, आपने तो दिल जीत लिया. आराम से रहिए, जब तक मन करे." रत्नप्रभाच्या मुख्याध्यापिकाबाईंनीही तिला आज हसून नमस्ते केलं.

आणि मी काल छान झोपलो. हे लिहायलाच हवं. कितीतरी दिवसांनी गाढ झोप लागली.

१३ नोव्हेंबर

अभिनवला जामीन नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज हॉल भरला. फौजेतली तीन कुटुंबं नव्या कायद्याची बातमी आल्यापासून येत नव्हती, ती आली. मंगेश – सुभेदार आहे – हात हातात घेऊन म्हणाला, "बरं केलंत पाळकसाहेब. आता आम्हाला यायला भीती नाही." खरं सांगत होता. त्याच्या मुलाबाळांना रविवारचं गाणं परत मिळालं, माझ्या खोट्यावर. मंडळी वाढते म्हणून मी किती प्रार्थना केल्यात!

अनुश्री आली नाही. इतर मंडळ्यांचे दोन पाळक माझा फोन उचलत नाहीत. राज्यकर्त्यांची प्रार्थना आज मी वडीलधाऱ्यांपैकी एकाला सांगितली. घसा बसलाय म्हणालो.

१७ नोव्हेंबर

कुण्या नेत्याच्या माणसाचा फोन. सद्भाव संमेलन आहे, माझा सत्कार करायचाय. शाल, श्रीफळ, दोन शब्द. "आप जैसे राष्ट्रवादी ईसाई की बहुत ज़रूरत है." मी नाही म्हणालो नाही. तब्येतीचं कारण दिलं, तेही चाचरत. ते म्हणाले, गाड़ी भेज देंगे.

१९ नोव्हेंबर

अनुश्रीला मीच फोन केला. तुरुंगात भेटून आली. अभिनवला ताप आहे, खोकला आहे, जमिनीवर झोपतो. मी विचारलं, माझ्याबद्दल काही म्हणाला का? ती म्हणाली, "म्हणाला, दादांना इकडे येऊ देऊ नको. त्यांना बीपीच्या गोळ्या लागतात, इथे वेळेवर मिळत नाहीत."

फोन ठेवून न्हाणीघरात गेलो आणि नळ मोठा सोडून रडलो. म्हणजे त्याने "मैंने" म्हटलं तेव्हा माझ्या गोळ्यांचा विचार केला होता. एवढंसं पोर. बत्तीस वर्षांचं आहे, पण माझ्यापुढे पोरच.

पोलिस ठाण्यात जाणार. उद्या नाही तर परवा.

२१ नोव्हेंबर

गेलो. रत्नप्रभाला सांगितलं, राजा पार्कात जातोय.

पोलिस ठाण्याच्या फाटकासमोर रस्त्यापलीकडे बराच वेळ उभा होतो. एकदा परत रिक्षात बसलोही. रिक्षावाला म्हणाला, बाबूजी, जाना किधर है? उतरलो आणि आत गेलो.

तपास करणारे साहेब तरुण, सभ्य. मला पाहून उठून उभे राहिले! "अरे, आप तो वो वीडियो वाले पास्टरजी हैं. बैठिए, बैठिए." चहा मागवला. मी पाठ करून नेलेलं वाक्य म्हटलं – साहब, कानोता में उस माताजी के लिए प्रार्थना मैंने की थी, अभिनव ने नहीं.

ते हसले. वाईट नाही, समजुतीने. "साथी को बचाने आए हैं. अच्छी बात है. पर आप जैसे आदमी ये सब नहीं करते, हमने आपको सुना है न." मी परत म्हटलं. म्हटलं, लिहून घ्या. ते म्हणाले, "चाय ठंडी हो रही है." काही लिहिलं नाही. फाटकापर्यंत पोचवायला हवालदार दिला.

बाहेर आलो आणि मला आनंद झाला. आनंद! खरं सांगितलं आणि काही झालं नाही, दोन्ही साधलं. कोपऱ्यावर कचोरी घेतली, खाल्ली. अर्धी झाल्यावर कळलं मी काय खातोय. कोठडीतल्या पोराचं नाव घेऊन आत गेलो होतो आणि चहा पिऊन बाहेर आलो. माझी प्रार्थना आता माझ्यापेक्षा मोठी झालीय. ती मला धरू देत नाही आणि त्याला सोडू देत नाही.

२२ नोव्हेंबर

अनुश्रीच्या वकिलांशी बोललो. प्रतिज्ञापत्र करून देतो म्हटलं. ते म्हणाले, करू, पण समोरचे तुमचा तो व्हिडिओ लावतील आणि म्हणतील, हा तर कायद्याच्या बाजूचा माणूस, मित्रासाठी खोटं बोलतोय. कागदाने ते पुसणार नाही. "जहाँ वो बात कही थी, वहीं खड़े होकर सच कहना पड़ेगा. सबके सामने."

रत्नप्रभाला सगळं सांगितलं. ठाणं, चहा, कचोरी, वकील. ती मटार सोलत होती. शेवटची शेंग सोलून झाली. मग म्हणाली, "तुम्हाला नेलं तर मी काय करायचं? शाळा जाईल. हॉल जाईल. मुलगी लग्नाची आहे." सगळं खरं आहे. "मी तुम्हाला हो म्हणणार नाही," ती म्हणाली आणि सालांची परात उचलून आत गेली. तेव्हापासून अबोला आहे.

देवा, मला धीटपणा नको, तेवढा माझ्यात मावणार नाही. उद्या सकाळी वाक्य पूर्ण होईपर्यंत घसा चालू दे.

२३ नोव्हेंबर, रविवार

सांगितलं. राज्यकर्त्यांच्या प्रार्थनेची वेळ आली तेव्हा डोळे मिटले नाहीत. कानोत्यात प्रार्थना मी केली, अभिनवने माझं आपल्या अंगावर घेतलं, आणि त्या रविवारी मी देवाशी नाही, एका फोनशी बोललो – सगळं, मराठीत. मंगेश बायकोमुलांना घेऊन उठून गेला. बाकीचे बसून राहिले.

मागची रांग रिकामी होती. ती मुलं आलीच नव्हती. क्षणभर वाटलं, सुटलो. देवाने ऐकलं, मंडळीने ऐकलं, बाहेर काही जायचं नाही.

तेवढ्यात बायकांच्या बाजूला रत्नप्रभा उभी राहिली. दोन्ही हातांनी फोन माझ्यावर धरलेला. कालपासून पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"परत सांगा," म्हणाली. "हिंदीत."