दोन नळ आणि एक टाकी

आरेकिपा, शनिवार

ओर्तेन्सियाताई,

तिकडे ताक्नात बरी आहेस ना? एक सांगते, पण आधी टेकून बस. उद्या विद्यापीठाची प्रवेश परीक्षा आहे. यानिराची आहेच, पण माझीही आहे.

सुरुवात हसण्यावारी झाली. मी बटाटे सोलत होते आणि यानिरा सरावाची गणितं मोठ्याने वाचत होती. एका नळाने टाकी तीन तासांत भरते, दुसऱ्याने सहा तासांत. दोन्ही सोडले तर? मी म्हटलं, "नऊ!"

"आई, दुसरा नळ सोडल्यावर टाकी उशिरा भरते होय?"

"आपल्या गल्लीत तसंच होतं. शेजारच्या फोर्तुनाताबाईंनी नळ सोडला की आपला बंद!"

ती पोट धरून हसली. मला मात्र चैन पडेना. तिची पेन्सिल ओढून घेतली, मांडलं, खोडलं, पुन्हा मांडलं. दोन तास! उत्तर जुळलं तेव्हा मी अशी ओरडले, की फोर्तुनाताबाई घाबरून धावत आल्या. त्या दिवसापासून रोज लेकीशेजारी अभ्यासाला बसते. माझं नाव तिनेच नोंदवलं. मला शिक्षिका व्हायचंय, ताई, त्रेचाळिसाव्या वर्षी.

आत्ताच ती बजावून गेली, "उद्या फाटकापाशी माझे पापे घेत बसू नकोस. तूपण उमेदवार आहेस!"

हे पत्र पाठवत नाही. नापास झाले तर तू जन्मभर चिडवशील. आणि पास झाले, तर ते कागदावर कशाला सांगू? बस पकडून थेट तुझ्या दारात येईन. मला तुझा चेहरा बघायचाय.

तुझी धाकटी,
नेलिदा