सातव्या बहिणीचं नाव

४ मे, रविवार
विहंगचं नवं पुस्तक आलं. माझ्या या धाकट्या भावाच्या ‘नीलखंड’ कादंबऱ्या मला कधी झेपल्या नाहीत — तलवारी, नकाशे, वंशावळ्या! हे वेगळं आहे. त्या काल्पनिक नीलखंडातल्या आया पोरांना ज्या परीकथा सांगतात, त्यांचा संग्रह. मिनलच्या हातून ओढूनच घेतला. “आई, मले तर वाचू दे नं वं आधी!” लेक ओरडत राहिली. दुपारभर कूलरसमोर लोळत चार गोष्टी संपवल्या. राखेचा पाऊस पडणारं गाव, भाताच्या शितात राहणारा राजा... मजा आली. भाऊ हुशार आहे, मान्य.

५ मे
हुशार कसला? चोर आहे!
पाचवी गोष्ट सात बहिणींची. सातजणी रानात जातात, नावं मात्र सहाच. ही माझी चूक आहे! अकरा वर्षांची होते. कोराडीच्या वीज केंद्राच्या क्वार्टरमध्ये दुपारी त्याला निजवताना मीच ही गोष्ट रचली. सातवं नाव सुचेना, म्हणून गाळलं. मग रोजच गाळलं. तीच चूक आता छापून आली आहे. राखेचा पाऊसही आमचाच — केंद्राच्या चिमण्यांतून दोरीवरच्या कपड्यांवर पडायचा तो. आणि काल मी वाचून दात काढत होते!
किळस आली. जेवण गेलं नाही.

६ मे
मिनल म्हणते, वाचकांत वाद पेटलाय — सातवी बहीण म्हणजे मृत्यू, की काळ? “एकानं तर चाळीस मिनिटांचा व्हिडिओ टाकला, आई!” शी!

८ मे
अर्पणपत्रिका आज पाहिली. ती पानं मी नेहमी ओलांडते. ‘या सगळ्या गोष्टी मला सांगणाऱ्या आईस.’
आईस! आई गेली तेव्हा हा साडेतीन वर्षांचा. त्याआधी सहा महिने ती दवाखान्यात होती. घरी होती तेव्हाही दोन वाक्यांत धाप लागायची, ती काय गोष्टी सांगणार? मेलेल्या आईचं नाव घातलं की वाचकांना पाझर फुटतो, बस्स. शाळा बुडवून याचं ढुंगण धुतलं मी, आणि अर्पण कुणाला? माझं नाव नको होतं मला. पण हा बाजार! ओकारी येते.
रविवारी इथे वाचनालयात त्याचा कार्यक्रम आहे. सगळ्यांसमोर उभी राहून विचारणार — सांग, गोष्टी कोणाच्या? मग बोलला नाही माझ्याशी जन्मभर, तरी चालेल.

११ मे, रविवार
गेले. हात वर केला. माइक माझ्यापर्यंत यायच्या आत पुढच्या एका बाईंनी विचारलं, आईची काही आठवण?
विहंगने चष्मा काढला. “एकच आहे. उन्हाळ्याची दुपार. पडदे लावलेले, कूलर सुरू. आई डोक्यावरून हिरवी साडी घेऊन खाटेवर बसे. अंधारात तोंड दिसत नसे. मी पदर धरून पडून राहायचो आणि ती गोष्ट सांगायची. तेवढीच आई आहे माझ्याजवळ.”
माइक आला. लोक मागे वळून बघायला लागले. मी म्हटलं, “काही नाही. मागे आवाज येत नाहीये.”

१२ मे
आई गेल्यावर तो झोपेचना. “आई पाहिजे,” एकच धोशा. पाच दिवस ऐकलं. सहाव्या दुपारी पेटीतून तिची हिरवी साडी काढून डोक्यावरून घेतली. पडदे लावले, आवाज घोगरा केला. “मी आली रे बाळा.” उन्हाळा संपेपर्यंत रोज हेच. बाबांनासुद्धा सांगितलं नाही. त्याला ते आठवत असेल, असं कधी मनातही आलं नाही.
खोटं त्याने लिहिलेलं नाही. आणि मी त्याला बाजार म्हणाले! स्वतःचीच किळस येते आहे.

१३ मे
सकाळी विहंगचा फोन. “ताई, नवीन आवृत्ती निघून राहिली. सातवीचं नाव टाकू म्हणतो, पण आईनं ते कधी सांगतलंच नाही. तुले आठवते का?”
म्हटलं, “नाही रे. आई ते नेहमीच विसरायची.”