खुराड्यातली शिंक

जावईबापू,

तुमचा खुर्चीतच डोळा लागला होता, म्हणून उठवलं नाही. मी गाडीला निघाले.

पिल्लांना सकाळचं औषध दिलंय. कालचं उरलेलं पाणी ओतून टाकलं, भांडी घासली आणि ताज्या पाण्यात डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच मोजून घातलं. त्यांनी तेच प्यावं म्हणून दुसरं पाणी कुठेच ठेवलेलं नाही. खोक्यात वेगळी ठेवलेली तिन्ही पिल्लं दाणे टिपायला लागलीत. त्यातल्या लंगडीचा डोळा उघडलाय, छातीतली घरघरही कमी आहे. बरी दिसली तरी उद्याचा शेवटचा डोस चुकवू नका.

खरं सांगते, त्या दिवशी तुम्ही म्हणालात, "आई, एक पिल्लू शिंकलं," तेव्हा मला हसूच आलं. एवढ्या कलकलाटात तुम्हाला ती शिंक ऐकू आली तरी कशी! पण दुपारच्या आत तुम्ही आजारी पिल्लं बाजूला काढलीत, ओला भुसा उपसलात, वास कोंडू नये म्हणून वरची फळी काढून जाळी ठोकलीत. डॉक्टरही म्हणाले, "वेळेवर आलात, नाहीतर सगळी अठरा आजारी पडली असती."

मी लेकीला माहेरी न्यायला आले होते. कारखाना बंद पडल्यापासून तुम्ही घरात बोलतच नाही, असं ती फोनवर रडत सांगत होती. काल खुराड्यामागून तुमचा आवाज ऐकला. लंगडीला हातात घेऊन म्हणत होतात, "घाबरू नकोस, मी आहे ना."

मी एकटीच परत चाललेय. ती उठली की लंगडीला सांगितलंत, तेवढंच तिलाही सांगा.

आई