आईचं पहिलं 'नको'

आई, आज आठवीच्या वर्गात तुझा विषय निघाला. कुणी बोलावलं, काही देऊ केलं, तर इंग्रजीत होकार कसा द्यायचा, हा धडा होता. फळ्यावर मी 'ओके', 'फाइन', 'शुअर' लिहिलं. मागच्या बाकावरून एक पोरगी म्हणाली, "बाई, 'ऑफ कोर्स' राहिलं की!" मी ऐकलं नाही असं दाखवून फळा पुसायला लागले.

सोलापुरातल्या भवानी पेठेतलं आपलं स्वयंपाकघर आठवतं. ओट्याला लागून तुझं मशीन, कारखान्यातून आलेल्या टॉवेलांच्या कडा तू शिवतेयस आणि माझ्याकडून इंग्रजी शिकतेयस. परदेशात वाढणाऱ्या दादाच्या लेकीला मराठी येत नव्हतं आणि तिचा दर रविवारी फोन यायचा. "नुसतं ओके म्हणलं तर भागतंय न्हवं?" तू विचारलंस. मी म्हटलं, "अगं, ओके म्हणजे 'बरं'. फाइन म्हटलं तर रुसल्यासारखं वाटतं कधी कधी. शुअर म्हणजे 'चालतंय की'. आणि ऑफ कोर्स म्हणजे 'व्हय तर! हे काय इचारणं झालं?'" तू मशीन थांबवून पदर तोंडाला लावून हसलीस. "ह्यो माझा. बाकीचं तुज्या शाळंला ने."

मग तो रविवार आला. पोरीनं फोनवर विचारलं, आजी, माझ्या वाढदिवसाला येशील का? दादा तिकीट काढणारच होता, तुझा पासपोर्ट आला होता, तिला न्यायची शेंगाचटणीसुद्धा तू कुटून ठेवली होतीस. आणि तू म्हणालीस, "नो, नो." थोड्या वेळानं दादा फोनवर आला. पोरगी रडत आत गेली होती.

"आई! नो का म्हणालीस?"

"आता गं! पैल्याच बोलावण्याला व्हय म्हणायचं? हावरटावानी दिसतंय की. तिनं परत इचारलं असतं तर म्हणणारच हुते."

आपल्याकडं कुणी जेवायला बस म्हटलं की आधी नको म्हणायचं, समोरच्यानं आग्रह करायचा, मग हात धुवून बसायचं. हे अख्ख्या सोलापूरला ठाऊक, पण त्या लेकराला तिकडं कोण सांगणार होतं? मी लगेच फोन फिरवायला निघाले तर तू हात धरलास. "ऱ्हाऊ दे. फुडच्या रविवारी मीच सांगते, माझ्या तोंडानं." आठवडाभर मशीनच्या आवाजात तुझं चाललेलं, ऑफ कोर्स, ऑफ कोर्स. रविवार आला, पण त्याच्या आधी तू गेलीस. मशीनवरच, अर्धा शिवलेला टॉवेल मांडीवर घेऊन. एवढी कसली गं घाई होती तुला?

दादानं पोरीला समजावलं, मीही पुढं कितीदा सांगितलं. ती मान डोलवायची. पण तुझा शेवटचा आवाज तिच्याकडं तेवढाच राहिला, नो, नो. अजून काळीज तुटतं माझं.

आता ती मोठी झाली. तिनं स्वतःचं घर घेतलं. गेल्या महिन्यात फोन करून मोडक्या मराठीत म्हणाली, "आत्या, माझ्याकडे राहायला येतेस?" आणि इतकी वर्षं हाच धडा शिकवणारी मी म्हणाले, "नको गं, कशाला उगं." जीभ चावली मी. मग ती हळूच म्हणाली, "आत्या, मी परत विचारते हां. येतेस?"

तुला कुणी परत विचारलं नाही गं, आई. मी ढसाढसा रडले आणि कसंबसं "व्हय" म्हणाले.

हे लिहिलेलं कुठं पाठवणार? तुझ्या मशीनच्या खणात ठेवतेय. एक मात्र सांगते, ऑफ कोर्स मी कुठल्याच वर्गाला शिकवलेलं नाही. पोरं दुसरीकडून शिकतीलच. माझ्या कानाला ते अजून तुझ्याच तोंडून ऐकायचंय.